बास म्हणजे दणका नव्हे

विहाराच्या अभ्यासिकेसाठी जुनी हाय-फाय सिस्टीम घ्यायची की नाही, यावर आमच्या वस्तीत तीन आठवडे वाद चालला. उत्तर नागपुरातली आमची वस्ती. अभ्यासिका म्हणजे विहारामागची बारा बाय अठरा फुटांची खोली. दिवसा तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात, रविवारी बाबासाहेबांच्या ग्रंथांचं वाचन होतं, आणि महिन्यातून एकदा गाणी ऐकायची बैठक होते. या बैठकीसाठी इतके दिवस आम्ही मोबाइल आणि एक छोटा ब्लूटूथ स्पीकर वापरत होतो.

एका ओळखीच्या दुकानदाराकडे ॲम्प्लिफायर, सीडी प्लेयर आणि आठ इंची वूफरचे दोन बॉक्स, असा वापरलेला संच आला. किंमत 22,000 रुपये. पैसे वर्गणीचे, त्यातले काही महिला मंडळाच्या भिशीतून आलेले. पोरांचं म्हणणं होतं की ही रक्कम सरळ 14 एप्रिलच्या डीजेची सुपारी म्हणून द्यावी. काही ज्येष्ठांचं म्हणणं होतं की विहारात ही चैन कशाला. त्यांना आम्ही एवढंच सांगितलं, की बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. चांगलं ऐकणं ही चैन असेल, तर ती आपल्यालाही पाहिजे.

शेवटी समितीने ठरवलं, दुकानदाराकडून तीन दिवसांसाठी संच आणायचा, वाजवून बघायचा, मग पैसे द्यायचे. तपासायची जबाबदारी आमच्यावर आली. आमच्यात कोणी साउंड इंजिनिअर नाही. एकजण इलेक्ट्रिशियन, एकजण बँकेत, आणि आम्ही समाजशास्त्र शिकून समाजकार्य करणारे. पण वर्गणीचा पैसा म्हटला की हिशेब द्यावा लागतो, आणि "बरं वाजतं" हा हिशेब होत नाही. म्हणून तपासायला कोणती गाणी लावायची, याची यादी करायला आम्ही बसलो. त्या यादीने आम्हाला जे शिकवलं, ते सिस्टीमपुरतं राहिलं नाही. म्हणून हा लेख.

बास म्हणजे काय, इथून सुरुवात करू. माणसाच्या कानाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं. चार तारांच्या बास गिटारची सर्वात खालची तार मोकळी छेडली की 41 हर्ट्झच्या आसपास वाजते. पियानोची अगदी डावीकडची पट्टी 27.5 हर्ट्झची. आणि आपण बोलतो तेव्हा त, क, स, श ही व्यंजनं ज्याच्यामुळे वेगळी ओळखू येतात, तो आवाज बराच वर, हजारो हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे गाण्याचा पाया एकीकडे, शब्दांची धार दुसरीकडे. चांगली सिस्टीम दोन्ही एकाच वेळी देते. वाईट सिस्टीम पाया इतका फुगवते की धार बुडते.

पोरांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "दादा, किती वॅटचा आहे?" वॅटचा आकडा फसवा असतो. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. म्हणून दुप्पट वॅटचा बॉक्स दुप्पट वाजत नाही, आणि दुप्पट वाजला तरी चांगला वाजतो असं नाही. बास तपासताना तीन प्रश्न विचारायचे. किती खालपर्यंत जातो? खालचे सूर एकमेकांपासून वेगळे ऐकू येतात की सगळे एकाच "धम्म"मध्ये मिसळतात? आणि आवाज थांबायला पाहिजे तेव्हा थांबतो का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. सुरू होणं सोपं असतं, वेळेवर थांबणं अवघड.

दुकानदाराने आपल्याकडे ऐकवताना ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' लावलं होतं, 1994 च्या 'हेल फ्रीझेस ओव्हर' या अल्बममधलं. हाय-फाय विकणाऱ्या दुकानांत हे रेकॉर्डिंग इतकं वाजतं की ते जणू दुकानाचंच गाणं झालंय. सुरुवातीला गिटारी, मग एक खोल ठोका येतो आणि ऐकणारा मान डोलावतो. इंटरनेटवरच्या याद्या पाहिल्या तर त्यातही तीच दहा-बारा नावं फिरत असतात. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही पिअर बोर्दिए वाचला होता. त्याने 1979 मध्ये फ्रान्सबद्दल मांडलं की 'अभिरुची' ही जन्मजात देणगी नसते. ती घरातून, शाळेतून, वर्गातून येते आणि मग खालच्यांना खालचं ठरवण्याच्या कामी येते. संदर्भ म्हणून कोणतं संगीत धरायचं, हे ठरवणारे कोण, हा प्रश्न म्हणून रास्त आहे.

पण इथे आम्हाला आमच्याच लोकांशी थोडं भांडायचं आहे. "ही त्यांची यादी, फेकून द्या" असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. ते गाणं यादीत आहे कारण तो ठोका खरोखर खोल आणि स्वच्छ रेकॉर्ड केलेला आहे. कमी दर्जाच्या बॉक्सवर तो पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखा वाजतो, चांगल्यावर त्याला खोली आणि शेवट दोन्ही असतात. मोजपट्टी कोणी बनवली, हे विचारायचं. मोजपट्टी बरोबर आहे का, हेही तपासायचं. दोन्ही करायचं. म्हणून ते गाणं आम्ही यादीत ठेवलं, पहिल्या प्रश्नासाठी: किती खालपर्यंत जातो.

तिसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे थांबण्यासाठी, मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' घेतलं. 1982 च्या 'थ्रिलर' मधलं. आधी नुसता ड्रम येतो, मग बास. दोघांच्या मध्ये कोरडी मोकळी जागा आहे. वूफर सुस्त असेल तर ती जागा भरून जाते आणि गाणं चालण्याऐवजी ढकलल्यासारखं वाटतं. आमच्या बॉक्सवर पहिल्या रात्री अगदी तेच झालं. एकेक ठोका पुढच्या ठोक्यावर सांडत होता. पोरं खूश, "दादा, काय बास आहे!" आम्ही मात्र नाराज. इलेक्ट्रिशियन मित्राने बॉक्स कोपऱ्यांतून काढून भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढले. पोरांचे चेहरे पडले, बास 'कमी' झाला होता. पण आता ड्रम वेगळा होता आणि बास वेगळा.

दोष बॉक्सचा नव्हताच, खोलीचा होता. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे 41 हर्ट्झच्या एका लाटेची लांबी आठ मीटरच्या वर, आणि आमची आख्खी खोली लांबीने साडेपाच मीटर. लाट खोलीत मावत नाही, भिंतींवर आपटून परत येते. बारा फुटांच्या रुंदीत 47 हर्ट्झच्या आसपासचा आवाज भिंतींजवळ फुगतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. आम्ही चालून पाहिलं. भिंतीला टेकलेल्या पोराला जो सूर छातीत लागत होता, तोच सूर मधल्या टेबलावर बसलेल्या मुलीला ऐकूच येत नव्हता. एकच गाणं, एकच खोली, आणि कोण कुठे बसलंय त्यावर कोणाला काय मिळणार हे ठरलेलं. हे वाक्य आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी, सूर वेगळे ऐकू येण्यासाठी, आम्ही चार्ल्स मिंगसचं 'हेशियन फाइट साँग' निवडलं, 1957 च्या 'द क्लाउन' या अल्बममधलं. त्याची सुरुवात एकट्या डबल बासने होते. माणसाएवढं लाकडी वाद्य, जाड तारा आणि बोटं, दुसरं काही नाही. चांगल्या सिस्टीमवर तार, लाकूड आणि बोट हे तीनही ऐकू येतात. वाईट सिस्टीमवर शेजारच्या घरात कोणी कपाट सरकवतंय असं वाटतं. मिंगस लहानपणी चेलो शिकला. पण त्या काळच्या अमेरिकेत काळ्या मुलाला शास्त्रीय ऑर्केस्ट्राची दारं जवळपास बंदच होती. तो डबल बासकडे वळला आणि मागे उभं राहून ताल धरणाऱ्या त्या वाद्याला त्याने पुढे आणलं. गाण्याच्या नावातलं हैती म्हणजे 1791 मध्ये गुलामांनी उठाव केला आणि 1804 मध्ये स्वतंत्र झाला तो देश. बास तपासायला बसलेल्या अभ्यासिकेतल्या मुलांनी त्या रात्री हैतीचा इतिहास विचारला. 22,000 पैकी काही रुपये तिथेच वसूल झाले.

मग जमैका. बॉब मार्ली आणि वेलर्सचा 'एक्सोडस' हा 1977 चा अल्बम, त्यातलं त्याच नावाचं सात मिनिटांहून मोठं गाणं. बास ॲस्टन बॅरेटचा, ज्याला सगळे 'फॅमिली मॅन' म्हणत. हा बास मिरवत नाही. एकच चाल पायी निघालेल्या माणसांसारखी शेवटपर्यंत चालत राहते. निघून जाण्याचं, मुक्कामाला पोचण्याचं ते गाणं आहे. 1956 ला ज्या शहरात लाखो माणसं एक जुना धर्म मागे टाकून निघाली, त्या शहरात ते ऐकताना वेगळं भाषांतर लागत नाही. तपासायचं काय, तर सात मिनिटांनंतर कान थकतात का. फुगवलेला बास दोन मिनिटं मजा देतो, पाचव्या मिनिटाला डोकं दुखवतो. खरा बास सात मिनिटं चालतो आणि तुम्हाला बरोबर घेऊन जातो.

जमैकाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आमच्या डीजेच्या वादाचं उत्तर आम्हाला तिथे सापडलं. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत 1950 च्या दशकात लोक स्वतःच प्रचंड बॉक्स बनवून रस्त्यावर, अंगणांत गाणी वाजवत. त्याला 'साउंड सिस्टीम' हे नाव तिथेच रुळलं. घरोघरी रेकॉर्ड प्लेयर परवडत नव्हते, म्हणून वस्ती मिळून ऐकायची. या लोकांत ओसबोर्न रडक नावाचा रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर होता. जग त्याला किंग टबी म्हणून ओळखतं. त्याच्या साउंड सिस्टीमचं नाव होतं 'होमटाउन हाय-फाय'. हाय-फाय हा शब्द श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून उचलून त्याने आपल्या वस्तीच्या नावाला जोडला. त्याने गाण्याच्या रेकॉर्डिंगमधून गायकाचा आवाज काढून टाकायला सुरुवात केली, ड्रम आणि बास तेवढे ठेवले. त्यातून 'डब' हा प्रकार पुढे आला. ऑगस्टस पाब्लोचा 1976 चा 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन' हा अल्बम आमच्या यादीत त्यामुळेच आहे. बासचं वजन आणि बासमधली शांतता, दोन्ही तपासायला याच्यासारखं दुसरं रेकॉर्डिंग आम्हाला मिळालं नाही.

आता कोणी म्हणेल, बघा, जमैकातल्या गरिबांनीही शब्द काढून नुसता बास ठेवला, मग आपल्या डीजेने काय पाप केलं? थांबा. टबीने शब्द काढले तेव्हा जागा रिकामी राहिली, आणि त्या रिकाम्या जागेत होमटाउन हाय-फायवर यू-रॉय नावाचा तरुण माइक घेऊन उभा राहिला. वाजणाऱ्या बासवर तो बोलू लागला. लोकांच्या भाषेत, लोकांच्या गोष्टी. 1970 मध्ये त्याच्या रेकॉर्ड्स जमैकात गाजल्या, आणि पुढच्या रॅपच्या पूर्वजांत त्याचं नाव घेतलं जातं. म्हणजे तिथे शब्द काढले ते नव्या माणसाला बोलता यावं म्हणून. आपल्याकडे शब्द बुडतात आणि माइक कोणाच्याच हातात नसतो. मिरवणुकीत माइक असतो तो "मागच्यांनी पुढे चला" म्हणायला.

दुसऱ्या दिवशी पोरांनी त्यांचं गाणं आणलं. गाजलेल्या भीमगीताचं डीजे रिमिक्स, पेनड्राइव्हवर. आम्ही नाही म्हटलं नाही. तपासणी म्हणजे सगळ्यांची तपासणी. त्यातला बास खोल होता, खोटं कशाला बोला. पण तो एकच सूर होता. कडवं बदललं तरी तोच, चाल वर गेली तरी तोच. मग आम्ही एक साधी परीक्षा घेतली. आठवीतल्या एका मुलीला, जिला ते गाणं पाठ नव्हतं, वही-पेन दिलं आणि सांगितलं, ऐकू येतील ते शब्द लिही. आधी बासचा नॉब सरळ ठेवून, नंतर पोरांना आवडतो तितका फिरवून. पहिल्यांदा तिने दोन्ही कडवी लिहिली. दुसरं गाणं लावून नॉब फिरवला, तेव्हा वहीत मधूनमधून फक्त 'भीम' उरलं. बाकी टिंब-टिंब.

"दादा, छातीत धडधड झाली नाही तं बास कायचा?" एकाने विचारलं. प्रश्न खोटा नाही. छातीत धडधड होणं ही लहान गोष्ट नाही. ज्यांना रस्त्याच्या कडेने चालायला लावलं, त्यांची नातवंडं रस्त्याच्या मधोमध छाती काढून नाचतात, यात एक राजकीय विधान आहे आणि आम्ही ते विधान खोडून काढणार नाही. जयंतीच्या डीजेवर नाक मुरडणाऱ्यांच्या रांगेतही आम्ही उभे राहणार नाही. तोच डीजे, तेच बॉक्स दुसऱ्यांच्या उत्सवात वाजले की 'जल्लोष' होतो आणि आपल्या जयंतीत वाजले की 'धांगडधिंगा' होतो, हे आम्हाला ठाऊक आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत, निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. ती सगळ्यांना सारखी लावा, आम्ही पहिले पाळू.

आमची हरकत वेगळी आहे आणि ती घरातली आहे. 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव फिरून गात राहिले. अक्षर न ओळखणाऱ्या माणसापर्यंत विचार पोचवायचं साधन म्हणून गाणं आलं. आपल्या गाण्याचं सगळं वजन शब्दांत आहे. ज्या सिस्टीमवर भीमगीताचे शब्द बुडतात, ती कितीही वॅटची असो, भीमगीतासाठी नापास. वहीतली टिंब-टिंब बघून पोरं गप्प झाली. पटलं म्हणून की कंटाळून, ते सांगता येणार नाही.

आमच्या यादीत दोन नावं दक्षिणेची आहेत. एक, इलैयाराजा. पन्नैपुरम या खेड्यातून आलेल्या या माणसाने चित्रपटाच्या गाण्यात बास गिटारला स्वतःची चाल दिली. गायक एक गातो, बास खाली दुसरंच गात असतो आणि दोघं भांडत नाहीत. 2022 मध्ये एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी बाबासाहेबांची तुलना पंतप्रधानांशी केली, तेव्हा आपल्यातले अनेक जण दुखावले. आम्हीही. जातीची ओळख ते स्वतः पुढे करत नाहीत, तो त्यांचा हक्क. प्रस्तावनेशी वाद घालू, बास ऐकू. दुसरं नाव चेन्नईच्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'चं. पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा संच 2018 च्या जानेवारीत पहिल्यांदा मंचावर आला. गाना, रॅप, रॉक आणि पराई एकत्र. जी पराई जातीने गळ्यात अडकवली होती, ती इथे मान वर करून वाजते. बास दणकट आहे आणि एकेक शब्द कळतो. पोरांना आम्ही म्हटलं, बघा, दोन्ही जमतं.

तिसरा दिवस. यादी संपत आली तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की आपल्या वस्तीचं एकही रेकॉर्डिंग यात नाही. आमच्या वस्तीत एक भीम भजन मंडळ होतं. त्यातले ढोलक वाजवणारे काकाजी आता सत्तरी ओलांडलेले. मंडळाची एक जुनी कॅसेट होती, कोणाच्या तरी घरात छोट्या टेपरेकॉर्डरवर भरलेली. एका पोराने ती कधीतरी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती. आम्ही काकाजींना बोलावलं, खुर्ची दिली, गाणं लावलं.

गायकाचा आवाज आला, टाळ आले, पेटी आली. ढोलकाची फक्त 'टक् टक्'. उजवी बाजू. काकाजी मान पुढे करून ऐकत होते. मग म्हणाले, "अरे, माहा डावा हात कुठी गेला?"

कोणी बोललं नाही. ते पुन्हा म्हणाले, "मी तं दोन्ही हातानं वाजवलं होतं."

ढोलकाची डावी बाजू मोठी असते, तिच्या कातड्याला आतून मसाला लावलेला असतो, म्हणून ती जड आणि खोल बोलते. सगळा घुमारा तिथून येतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला गव्हाची कणीक लावतात तेही त्याचसाठी, कातड्याचं वजन वाढवून सूर खाली आणण्यासाठी. तो घुमारा त्या कॅसेटवर नव्हताच. आम्ही बासचा नॉब पूर्ण फिरवला. फक्त टेपची घरघर वाढली. जे नोंदलंच गेलं नाही, ते कोणतीही सिस्टीम परत आणू शकत नाही.

तेव्हा आमच्या डोक्यात लख्ख झालं. तीन दिवस आम्ही समजत होतो की रेकॉर्डिंगने सिस्टीमची परीक्षा चालली आहे. खरं तर सिस्टीमने रेकॉर्डिंगची परीक्षा घेतली होती. मिंगसचं बोट 1957 सालचं, तरी तारेवर घासलेलं ऐकू येतं. काकाजींचा डावा हात त्याच्यानंतर कितीतरी वर्षांनी भरलेला, आणि तो नाही. कारण काकाजी कमी वाजवत होते असं नाही. एका बाजूला स्टुडिओ, चांगला माइक आणि पैसे होते. दुसऱ्या बाजूला टेपरेकॉर्डरमध्येच बसवलेला नखाएवढा माइक, खाली पत्र्याची खोली, आणि बटण दाबणारा हौशी पोरगा.

कॅसेटला दोष द्यायचा नाही. 1980 च्या दशकात स्वस्त कॅसेट आली नसती तर आपली गाणी वस्तीबाहेर गेलीच नसती. तिने आपला शब्द घरोघर पोचवला. पण शब्द पोचला आणि पाया मागे राहिला. आज मोबाइलवरही तेच होतं. छोट्या स्पीकरमधून खोल सूर निघतच नाही, वरच्या सुरांवरून कान त्याचा अंदाज बांधतो आणि आपल्याला वाटतं, ऐकू आलं. आम्ही वर्षानुवर्षं काकाजींच्या डाव्या हाताचा अंदाज बांधत होतो. ज्यांनी तो हात समोर बसून ऐकला होता, त्यांना अंदाज बांधता येत होता. आमच्या मुलांना तो येणार नाही. त्यांच्यासाठी भीम भजन म्हणजे 'टक् टक्', आणि म्हणून त्यांना डीजे हवा. यात पोरांची चूक किती आणि आमची किती?

टी. एम. कृष्णांनी 2020 मध्ये 'सेबास्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिलं, मृदंगम् बनवणाऱ्या कारागिरांवर, ज्यांच्यात अनेक दलित ख्रिश्चन आहेत. वाद्य मंचावर पूजलं जातं आणि त्याचं कातडं कमावणारा हात नावाशिवाय राहतो, हे त्यात दिसतं. आमच्या प्रकरणात बनवणाऱ्याचंच नाही, वाजवणाऱ्याचंही अर्धं अंग पुसलं गेलं होतं. इतिहासातून कसं गाळतात हे आपण नेहमी बोलतो. इथे गाळणारा कोणी शत्रू नव्हता. आपणच चांगला माइक आणला नव्हता.

त्याच आठवड्यात आम्ही दोन माइक उसने आणले. रात्री अकरानंतर, रस्ता शांत झाल्यावर, अभ्यासिकेतले पंखे बंद करून, खिडक्यांना चादरी लावून बसलो. एक माइक उजव्या बाजूला, एक डाव्या बाजूला, दोन्ही ढोलकापासून फूटभर लांब. आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद, कारण जोराची थाप पडली की ती सगळंच दाबते. फाइल एमपीथ्री न करता पूर्ण आकाराची ठेवली. काकाजींनी आधी अर्धा तास ढोलकाच्या दोऱ्या ओढण्यात घालवला. मग वीस मिनिटं वाजवलं. मध्ये दोनदा थांबले, बोटं दुखतात म्हणून.

दुसऱ्या दिवशी ते त्याच सिस्टीमवर लावलं. डाव्या हाताचा पंजा कातड्यावर सरकतो आणि सूर वाकतो, ते वाकणंसुद्धा आलं. पोरं भिंतीपासून उठून मधे आली. काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हाव. हे मी आहो."

सिस्टीम आम्ही घेतली. समितीला लेखी अहवाल दिला, त्यात वर सांगितलेली सगळी रेकॉर्डिंग्ज कारणांसह लिहिली, आणि शेवटच्या क्रमांकावर काकाजींचं ढोलक. आता अभ्यासिकेत नवा माणूस आला आणि "सिस्टीम कशी आहे" विचारलं, की आम्ही आधी तेच लावतो. 14 एप्रिलला डीजेही येणार आहे. आम्ही मांडलेला ठराव अर्धाच मंजूर झाला: मिरवणूक विहारासमोर आली की अर्धा तास बास खाली, आणि माइक वस्तीतल्या मुलांच्या हातात. ती काय बोलतील ते त्यांनी ठरवायचं. अर्धा तास कमी आहे. पण यू-रॉयलाही आधी रिकामी जागाच मिळाली होती.

मित्रांनो, तुमच्या विहारात, ग्रंथालयात, वसतिगृहात सिस्टीम घ्यायची असेल तर वरची यादी बिनधास्त वापरा. बॉक्स कोपऱ्यातून बाहेर काढा. नॉब सरळ ठेवून ऐका. खोलीत चालून बघा. एका लहान मुलीला वही द्या आणि शब्द लिहायला सांगा. पण त्याच्याही आधी एक काम करा. तुमच्या वस्तीत कोणी खंजिरी वाजवणारे, ढोलक वाजवणारे, जात्यावर भीमाच्या ओव्या म्हणणारी आजी अजून असतील, तर दोन चांगले माइक घेऊन त्यांच्यासमोर बसा. पुढच्या जयंतीनंतर नको, या रविवारी. डावा हात थकतो आहे.

जय भीम!